ऑस्ट्रेलियात वणवा पेटला तर: सरकारची आणि लष्कराची मदत कशी चालते, ती मिळवायची कशी

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुराने वेढलं, तेव्हा एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या बोटी गल्लीबोळांतून माणसं काढताना आपण सगळ्यांनी पाहिल्या. संकट आलं की जवान येतात, ही अपेक्षा त्यामुळे आपल्या मनात पक्की बसलेली असते. ऑस्ट्रेलियात राहायला येताना ती सोबत आणू नका. इथे एनडीआरएफसारखं केंद्राचं तयार दल नाही, जिल्हाधिकारी नावाचं पद नाही, आणि लष्कर वणव्यात उतरतं ते जवळजवळ सगळ्यांच्या शेवटी. मदत भरपूर आहे, पण ती ठरलेल्या क्रमाने येते. त्या क्रमात आपलं काम कोणतं आणि आपण कुठे नोंदलेले आहोत, हे ज्याला माहीत असतं त्याच्यापर्यंत ती लवकर पोचते.

हा लेख मुख्यतः मेलबर्न-सिडनीच्या कडेच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या, सुट्टीत गाडी काढून किनाऱ्याला किंवा डोंगरात जाणाऱ्या, आणि कधी आई-बाबांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेणाऱ्या कुटुंबांसाठी आहे.

आधी हे समजून घ्या: कोणाचं काम कोणतं

वणवा विझवणं ही राज्य सरकारची जबाबदारी आहे. न्यू साउथ वेल्समध्ये रूरल फायर सर्व्हिस म्हणजे आरएफएस, व्हिक्टोरियात कंट्री फायर अथॉरिटी म्हणजे सीएफए आणि सरकारी जंगलांसाठी फॉरेस्ट फायर मॅनेजमेंट, साउथ ऑस्ट्रेलियात कंट्री फायर सर्व्हिस म्हणजे सीएफएस, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात डिपार्टमेंट ऑफ फायर अँड इमर्जन्सी सर्व्हिसेस म्हणजे डीएफईएस. आरएफएस आणि सीएफएच्या बंबांवर दिसणारे बहुतेक लोक पगारी नसतात. ते स्वयंसेवक असतात: कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी प्लंबर.

प्रत्येक मोठ्या आगीवर एक ‘इन्सिडंट कंट्रोलर’ नेमलेला असतो. त्या आगीपुरता शब्द त्याचा. बंब कुठे जाणार, इशारा कधी निघणार, कोणत्या गावाला निघायला सांगायचं, हे तिथून ठरतं. रस्ते बंद करणं आणि लोकांना बाहेर काढणं हे मुख्यतः पोलिसांचं काम. निवारा केंद्र व्हिक्टोरियात स्थानिक कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, चालवते. न्यू साउथ वेल्समध्ये राज्याचं समाजकल्याण खातं रेड क्रॉस, साल्व्हेशन आर्मी, अँग्लिकेअर अशा संस्थांच्या मदतीने चालवतं. (साल्व्हेशन आर्मीच्या नावात आर्मी असली तरी ती धर्मादाय संस्था आहे. त्यांचे लोक गणवेशात दिसतात म्हणून नवख्यांचा गोंधळ होतो.)

एका राज्याचे बंब कमी पडले की दुसऱ्या राज्यातून येतात. विमानं आणि हेलिकॉप्टरं नॅशनल एरियल फायरफायटिंग सेंटर या सामाईक व्यवस्थेतून मिळतात. ते २००३ पासून चालू आहे. हे सगळं होऊनही पुरत नसेल, तेव्हा राज्य केंद्राकडे जातं. केंद्रात हे काम नॅशनल इमर्जन्सी मॅनेजमेंट एजन्सी, थोडक्यात ‘नेमा’, बघते. ती १ सप्टेंबर २०२२ रोजी दोन जुन्या संस्था एकत्र करून उभी राहिली. लष्कराची पायरी यानंतरची.

पायरी १: आकाश निळं असतानाच करायची कामं

मदत न मिळण्याची बरीचशी कारणं आगीच्या दिवसातली नसतात. ती महिनोन्‌महिने टाळलेल्या बारीकसारीक कागदांत असतात.

मोबाइल कंपनीकडे असलेला पत्ता तपासा. ‘इमर्जन्सी अलर्ट’ ही सरकारी फोन-इशारा यंत्रणा दोन गोष्टी बघते: तुमचा फोन सध्या कुठे आहे आणि तुमच्या नंबरची नोंद कुठल्या पत्त्यावर आहे. विमानतळावर घेतलेलं प्रीपेड सिम मित्राच्या पत्त्यावर असेल आणि तुम्ही नंतर दोनदा घर बदललं असेल, तर तुमच्या घरासाठीचा इशारा तुम्ही बाहेरगावी असताना तुम्हाला मिळणारच नाही. हा संदेश +६१ ४४४ ४४४ ४४४ या क्रमांकावरून येतो. तो संपर्कयादीत नावासकट साठवून ठेवा, म्हणजे फसवा संदेश समजून पुसला जाणार नाही. आई-बाबा भारतातलं सिम रोमिंगवर वापरत असतील तर या यंत्रणेवर त्यांची भिस्त ठेवू नका. त्यांना इथलं साधं सिम घेऊन द्या.

ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदला. आग ओसरल्यावर पोलीस नाक्यावरून आधी फक्त तिथल्या रहिवाशांना आत सोडतात, आणि पुरावा म्हणून लायसन्सच मागतात. त्यावर जुना पत्ता असेल तर भाडेकरार किंवा वीजबिल दाखवावं लागतं, आणि ते नेमकं बंद घरात पडलेलं असतं.

विमा आत्ताच घ्या. भाड्याने राहत असाल तरी सामानाचा विमा निघतो. बऱ्याच विमा कंपन्या नव्या पॉलिसीला पहिले ७२ तास वणव्याचं संरक्षण देत नाहीत. धूर दिसल्यावर ऑनलाइन काढलेली पॉलिसी म्हणूनच कामाला येत नाही.

माय-गव्ह (सरकारी सेवांचं ऑनलाइन खातं) उघडून सेंटरलिंकशी, म्हणजे केंद्र सरकारची आर्थिक मदत देणाऱ्या सेवेशी, जोडून ठेवा, तुम्हाला आज एक डॉलरही घ्यायचा नसला तरी. ओळख पटवण्याची ही प्रक्रिया निवारा केंद्रात, चार टक्के बॅटरी उरलेल्या फोनवरून करणं फार त्रासाचं होतं.

कागदांचे फोटो काढून ऑनलाइन साठवा: पासपोर्ट, व्हिसा मंजुरीचं पत्र, ओसीआय कार्ड, भाडेकरार, विम्याचा कागद, मेडिकेअर कार्ड, आई-बाबांच्या औषधांची चिठ्ठी आणि त्यांचा प्रवासी आरोग्य विमा. घरातल्या प्रत्येक खोलीचा एक व्हिडिओही काढा. दावा करताना कपाटात काय होतं ते आठवत बसावं लागत नाही.

आगीचे इशारे देणारं सरकारी ॲप राज्यानुसार वेगळं आहे. न्यू साउथ वेल्ससाठी ‘हॅझर्ड्स निअर मी’, व्हिक्टोरियासाठी ‘व्हिकइमर्जन्सी’, वेस्टर्न ऑस्ट्रेलियासाठी ‘इमर्जन्सी डब्ल्यूए’. ॲप नुसतं उतरवून ठेवू नका. त्यात घर, मुलांची शाळा आणि कामाची जागा यांचे ‘वॉच झोन’, म्हणजे ज्या भागाचे इशारे तुम्हाला हवेत ती वर्तुळं, आखा. राज्याची सीमा ओलांडून सहलीला निघालात तर त्या राज्याचंही ॲप घ्या. सिडनीहून मेलबर्नला किनाऱ्याने जाणारे निम्म्या वाटेत आंधळे होतात ते याच चुकीने.

निघताना उचलायची पिशवी भरून ठेवा: माणशी दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी या हिशेबाने तीन दिवसांचं, आठवड्याची औषधं, बॅटरीवर चालणारा रेडिओ, टॉर्च, पॉवर बँक, पी-२ मास्क (धुराचे बारीक कण अडवणारा), लोकरीची घोंगडी आणि रोख रक्कम. वीज गेली की कार्डाची यंत्रं चालत नाहीत आणि पेट्रोल पंपही चालत नाही. म्हणून उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. कपडे सुती किंवा लोकरीचे, पूर्ण बाह्यांचे, पायात चामड्याचे बूट. नायलॉनची साडी, पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट, सिंथेटिक ओढणी अजिबात नको. उष्णतेने हे कापड वितळून कातडीला चिकटतं.

पायरी २: इशारे वाचायला शिका

दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली, आगीच्या धोक्याची पातळी. रस्त्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार फलक दिसतो, तो हीच दाखवतो. सप्टेंबर २०२२ पासून देशभर चार पातळ्या आहेत: मॉडरेट हिरवी, हाय पिवळी, एक्स्ट्रीम नारिंगी, कॅटास्ट्रॉफिक गडद लाल. कुठेही आग लागलेली नसली तरी ही पातळी जाहीर होते. तिचा अर्थ एवढाच की आज आग लागलीच तर ती किती आटोक्याबाहेर जाईल. कॅटास्ट्रॉफिक दिवशी जंगलाच्या किंवा वाळल्या गवताच्या परिसरात थांबू नका. सकाळी लवकर किंवा आदल्या रात्रीच निघा. अशा दिवशी घरं वाचतीलच असं अग्निशमन दलही सांगत नाही.

दुसरी, लागलेल्या आगीचा इशारा. त्याचे तीन त्रिकोण: पिवळा ‘ॲडव्हाइस’, नारिंगी ‘वॉच अँड ॲक्ट’, लाल ‘इमर्जन्सी वॉर्निंग’. लाल येईपर्यंत थांबायचं, असा हिशेब बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. लाल त्रिकोण आला म्हणजे जिवाला थेट धोका आहे. त्यात कित्येकदा ‘आता निघायला उशीर झालाय, आडोसा घ्या’ असंच लिहिलेलं असतं. निघायची वेळ नारिंगी त्रिकोणाची. घरात तान्हं मूल, म्हातारी माणसं किंवा दम्याचा रुग्ण असेल तर त्याच्याही आधीची.

इशारा येईलच याची खात्री धरू नका. २०१९-२० च्या वणव्यांत मोबाइलचे शेकडो टॉवर बंद पडले, आणि त्यातले फारच थोडे प्रत्यक्ष जळाले होते. बाकीचे वीज गेल्यामुळे बंद पडले. म्हणून रेडिओ. आणीबाणीच्या बातम्या एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेच्या स्थानिक रेडिओ केंद्रावर लागतात; आपल्या भागाची फ्रीक्वेन्सी कागदावर लिहून गाडीत ठेवा.

टारनीट, ट्रुगनिना, मेल्टनसारख्या पश्चिम मेलबर्नच्या वसाहतींत पुष्कळ मराठी घरं आहेत. तिथे जंगल नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वाळल्या गवताची आग ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग घेते. धावणारा माणूस तिला मागे टाकू शकत नाही. वसाहतीच्या शेवटच्या ओळीतलं घर असेल तर कुंपणापलीकडच्या माळरानाकडे लक्ष ठेवा. ‘टोटल फायर बॅन’ (उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी) असलेल्या दिवशी अंगणात होम, शेगडी, कोळशाचा बार्बेक्यू यातलं काहीही करू नका. तो गुन्हा आहे.

पायरी ३: फोन कुणाला, केंद्र कुठलं, नोंद कशी

आग दिसली किंवा जीव धोक्यात असेल तर ०००. मोबाइलवरून ११२ लावला तरी तिथेच जातो. समोरून पहिला प्रश्न येतो: पोलीस, फायर की ॲम्ब्युलन्स? उत्तर ‘फायर’. मग राज्य, गाव, जवळचा चौक. इंग्रजीत अडखळत असाल तर फक्त ‘मराठी इंटरप्रिटर’ एवढे दोन शब्द बोला आणि फोन ठेवू नका. ‘इमर्जन्सी प्लस’ नावाचं ॲप तुमची नेमकी जागा पडद्यावर दाखवतं. महामार्गावर, अनोळखी रानात त्याचा फार उपयोग होतो.

नुसती माहिती हवी असेल तर ००० अडवू नका. व्हिक्टोरियात १८०० २२६ २२६, न्यू साउथ वेल्समध्ये १८०० ६७९ ७३७. दुभाषा हवा तर आधी १३१ ४५० वर फोन करून भाषा सांगा आणि तिथून पुढचा नंबर जोडून मागा. आई-बाबांना हा एकच क्रमांक पाठ करून द्या.

निवारा केंद्र कुठे उघडलंय ते ॲपवर आणि रेडिओवर कळतं. ‘नेबरहूड सेफर प्लेस’ ही वेगळी गोष्ट आहे: मोकळं मैदान किंवा एखादी इमारत, बाकी सगळे मार्ग बंद झाल्यावरचा शेवटचा आसरा. तिथे अन्न, डॉक्टर, अंथरूण काहीही असेल असं धरू नका. निवारा केंद्रात या गोष्टी मिळतात, तरीही पहिल्या रात्री खाटा कमी पडतात. स्वतःचं अंथरूण न्या. शाकाहारी जेवण मिळेलच असं नाही. दशम्या, चिवडा, सुकामेवा जवळ असेल तर मुलं उपाशी राहत नाहीत.

दारातून आत गेल्यावर पहिलं काम नोंदणी. रेड क्रॉस चालवत असलेली ‘रजिस्टर, फाइंड, रीयुनाइट’ ही सेवा आहे. तुमचं नाव तिथे असलं की पुण्याहून काळजीने फोन करणाऱ्या बहिणीला तुम्ही सुखरूप आहात हे कळू शकतं, आणि पोलीस जळत्या गावात तुम्हाला शोधत फिरत नाहीत. दुसऱ्या गावी मित्राकडे गेला असाल तरीही नोंद करा. निवारा केंद्रात जेवणासाठी किंवा आसऱ्यासाठी व्हिसा विचारत नाहीत. विद्यार्थी असा, व्हिजिटर व्हिसावर असा, जायला लाजू नका.

लष्कर कधी येतं, आणि का उशिरा येतं

ऑस्ट्रेलियन लष्कराच्या नागरी मदतीच्या व्यवस्थेला ‘डीएसीसी’ (डिफेन्स असिस्टन्स टू द सिव्हिल कम्युनिटी) म्हणतात. आणीबाणीत तिचे तीन प्रकार कामाला येतात.

पहिला प्रकार स्थानिक. छावणीच्या बाजूलाच आग आहे, माणसं मरणार आहेत, वरून परवानगी येईपर्यंत वेळ नाही. अशा वेळी तिथला कमांडर आपल्या हाताशी असलेली माणसं आणि साधनं थोड्या काळासाठी लगेच देऊ शकतो. दुसरा प्रकार मोठा आणि लांबणारा: राज्याची साधनं अपुरी पडली की राज्य ‘नेमा’कडे मागणी नोंदवतं, ‘नेमा’ ती संरक्षण खात्याला देते, तिथे मंजूर झाल्यावर कॅनबेराजवळच्या बंगेन्डोर इथल्या तिन्ही दलांच्या संयुक्त मुख्यालयातून पथकं हलतात. तिसरा प्रकार आग विझल्यानंतरच्या सावरण्याच्या कामाचा.

मागणी ‘आम्हाला दोनशे सैनिक द्या’ अशी करायची नसते. ‘या गावातून चारशे माणसं बाहेर काढायची आहेत, रस्ता बंद आहे’ अशी करायची असते. कशाने काढायची, हेलिकॉप्टरने की जहाजाने, ते लष्कर ठरवतं. मागणी नेमकी नसेल तर ती परत येते, आणि त्यात तास जातात. लष्कराचे संपर्क अधिकारी राज्याच्या नियंत्रण कक्षात बसतात ते यासाठीच. सामान्य नागरिकाने छावणीला फोन करून काहीही होत नाही. गावाची गरज कौन्सिलला, पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला सांगायची. तीच वरपर्यंत जाते.

सैनिक आग विझवत नाहीत, ही गोष्ट नव्या लोकांना सगळ्यात खटकते. त्यांना वणव्याचं प्रशिक्षण नसतं, बंब नसतात, आणि न शिकलेला माणूस आगीच्या रेषेवर उभा केला तर त्याला वाचवायला आणखी दोन जण लागतात. लष्कराकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच त्या प्रमाणात नसतं: जहाजं, मोठी हेलिकॉप्टरं, मालवाहू विमानं, बुलडोझर आणि ते चालवणारे इंजिनिअर, पाणी शुद्ध करणारी यंत्रं, हजार माणसांचा स्वयंपाक करणारे मुदपाकखाने, फिरते दवाखाने. पाणी आणि अग्निरोधक टाकणारी मोठी विमानं नागरी आहेत, पण त्यांना उतरायला आणि भरायला हवाई दलाचे तळ मिळतात. सिडनीजवळचा रिचमंड तळ त्यातलाच.

२०१९-२० च्या ‘ब्लॅक समर’मध्ये ही यंत्रणा तिच्या मर्यादेपर्यंत ताणली गेली. २.४ कोटी हेक्टरांहून जास्त जमीन जळाली, थेट आगीत ३३ माणसं गेली, ३,००० हून जास्त घरं खाक झाली. ३१ डिसेंबर २०१९ ला व्हिक्टोरियाच्या पूर्व टोकावरच्या मल्लाकूटा गावात सुमारे ४,००० रहिवासी आणि पर्यटक समुद्राच्या काठावर अडकले. बाहेर जाणारा रस्ता बंद. ३ जानेवारी २०२० ला नौदलाचं एचएमएएस चूल्स हे जहाज आणि सोबतचं सिकॅमोर मिळून हजाराहून जास्त माणसांना घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी ती माणसं मेलबर्नच्या दक्षिणेला वेस्टर्न पोर्टला उतरली. ४ जानेवारीला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी ३,००० पर्यंत राखीव सैनिकांना सक्तीने बोलावण्याची घोषणा केली. एवढ्या संख्येने असं आधी कधीच झालं नव्हतं. ‘ऑपरेशन बुशफायर असिस्ट’ मार्च २०२० अखेरपर्यंत चाललं. त्यात सहा हजारांहून जास्त लष्करी माणसांनी रस्त्यावरची झाडं कापली, कांगारू आयलंडवर मेलेली जनावरं पुरली, गावोगाव चारा-पाणी पोचवलं, जळालेली कुंपणं काढली. न्यूझीलंड, सिंगापूर, फिजी, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया, जपान यांची लष्करी पथकंही आली.

या अनुभवावर नेमलेल्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये ८० शिफारशी केल्या. त्याच वर्षअखेर राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करण्याचा कायदा आला, आणि राखीव सैनिकांना बोलावण्याची कायदेशीर वाटही सुटसुटीत झाली. पण २०२३ च्या संरक्षण आढाव्याने उलट बाजूने मर्यादा घातली: देशांतर्गत आपत्तीत लष्कर हा शेवटचा उपाय, अगदी टोकाची परिस्थिती सोडली तर. तेव्हापासून सरकार ‘डिझास्टर रिलीफ ऑस्ट्रेलिया’सारख्या, माजी सैनिकांनी उभारलेल्या स्वयंसेवी दलांना जास्त पैसा देतं. घर साफ करायला आलेली रांगेत शिस्तीने काम करणारी माणसं लष्कराची वाटली तरी ती कदाचित याच संस्थेची असतील.

लष्कर तुमच्यापर्यंत पोचलं तर

रस्ते तुटून अडकलेल्या गावातून लष्करी मदतीने बाहेर पडायचं असेल तर आधी स्थानिक निवारा केंद्रात नाव नोंदवावं लागतं. थेट जेटीवर किंवा मैदानावर जाऊन रांग लावून चालत नाही. यादीत कोण आधी, हे वय, आजार आणि हालचाल करण्याच्या क्षमतेवर ठरतं. म्हणून नोंदवताना खरं सांगा: आईला जिना चढता येत नाही, बाळ दहा महिन्यांचं आहे, बाबांना इन्सुलिन लागतं.

मल्लाकूटाला सुरुवातीला पाच वर्षांखालच्या मुलांना जहाजावर घेता आलं नाही, कारण लहान बोटीतून जहाजावर शिडीने चढायचं होतं. त्यांच्यासाठी आणि आजाऱ्यांसाठी हेलिकॉप्टरं ठरली, पण दाट धुरात ती उडेनात. काही कुटुंबांना ताटकळावं लागलं ते या कारणाने. लहान मुलं किंवा वृद्ध सोबत असतील तर एकाच रस्त्याच्या किनारी गावात धोक्याच्या दिवसांत जाऊच नये, याचं कारणही हेच.

हेलिकॉप्टरजवळ खाली वाकून, कर्मचारी बोलावेल तेव्हाच, त्याला दिसेल अशा समोरच्या बाजूने जा. ओढणी, टोपी, पदर घट्ट खोचा. सामान म्हणजे मांडीवर मावेल एवढी एक पिशवी. औषधं आणि कागद अंगावरच्या खिशात ठेवा, पिशवीत नाही.

सैनिक पाणी, अन्न, वाट सांगतील, आजाऱ्याला बघतील. पण ते पोलीस नाहीत. बंद रस्त्यावरून जायची परवानगी ते देऊ शकत नाहीत. नवी आग दिसली तर त्यांना सांगून गप्प बसू नका, ००० लावाच.

सहलीवर असाल तर आणखी एक. जानेवारी २०२० मध्ये न्यू साउथ वेल्सने बेटमन्स बेपासून व्हिक्टोरियाच्या सीमेपर्यंतचा किनारा पर्यटकांनी सोडून जावा असा आदेश काढला. राज्याने आणीबाणी जाहीर केली होती. व्हिक्टोरियाने २ जानेवारीला ‘स्टेट ऑफ डिझास्टर’. असे आदेश निघाले की हॉटेलचे पैसे बुडतील म्हणून एक रात्र जास्त थांबू नका. हजारो गाड्या एकाच महामार्गावर येतात, पंपांवर तासन्‌तास रांगा लागतात; सकाळी निघणारा दुपारी बाहेर असतो, संध्याकाळी निघणारा अडकू शकतो.

पायरी ४: पैशाची मदत

केंद्र सरकारच्या दोन मुख्य मदती आहेत, आणि दोन्ही सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया (सेंटरलिंक चालवणारी केंद्राची संस्था) देतं.

एक, ‘डिझास्टर रिकव्हरी पेमेंट’: प्रौढाला १,००० डॉलर, १६ वर्षांखालच्या मुलामागे ४०० डॉलर, एकदाच. त्याला उत्पन्नाची अट नाही. साधारणपणे राहतं घर नष्ट झालं किंवा त्याचं मोठं नुकसान झालं, गंभीर इजा झाली, किंवा जवळचा माणूस गेला, तर मिळते. घर तुमच्या मालकीचं असायला हवं असं नाही. भाडेकरूंना हे माहीतच नसतं. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळा अर्ज करायचा.

दोन, ‘डिझास्टर रिकव्हरी अलाउन्स’: आगीमुळे रोजगार किंवा धंदा बुडाला तर जास्तीत जास्त १३ आठवडे.

ही मदत आपोआप सुरू होत नाही. केंद्र सरकार कोणत्या कौन्सिलच्या हद्दीसाठी ती लागू आहे ते जाहीर करतं; तुमचा पत्ता त्या यादीत हवा. जाहीर झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. फोन १८० २२ ६६, किंवा माय-गव्हवरून. मोठ्या आपत्तीत त्यांचे कर्मचारी निवारा केंद्रातच टेबल मांडून बसतात. तिथेच अर्ज केला तर कागद कमी लागतात आणि शंका जागेवर मिटतात.

व्हिसाचं इथे मात्र महत्त्व आहे. नागरिक, कायमचे रहिवासी आणि काही ठरावीक व्हिसाधारकांनाच केंद्राची ही मदत मिळते. विद्यार्थी व्हिसा किंवा तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर ती सहसा मिळत नाही. तरी हात हलवत परत येऊ नका. राज्याच्या तातडीच्या मदतीचे नियम वेगळे असतात, ते निवारा केंद्रातच विचारा. रेड क्रॉस, साल्व्हेशन आर्मी यांची मदत असते. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आणीबाणी निधीची चौकशी करावी. पासपोर्ट जळाला असेल तर आधी पोलिसांकडे नोंद, मग भारतीय वाणिज्य दूतावास, आणि ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याला नवा पासपोर्ट क्रमांक कळवणं, या क्रमाने जा.

अर्जासाठी सरकार कधीही फी घेत नाही. ‘लवकर पैसे मिळवून देतो, लिंकवर बँकेचा तपशील भरा’ असा संदेश आला तर तो चोराचा. नकार आला तर फेरविचाराची मागणी करता येते, तीही फुकट. कित्येक नकार पत्ता जुळला नाही एवढ्याच कारणाचे असतात, आणि लायसन्स किंवा भाडेकरार जोडला की सुटतात.

पायरी ५: परत जाताना

रस्ता खुला झाला असं अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत मागच्या वाटेने घुसू नका. आग गेली तरी आतून पोखरलेली झाडं दिवसेंदिवस पडत राहतात, विजेच्या तारा लोंबत असतात.

जळालेल्या जुन्या घराच्या राखेत ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं. घर १९९० च्या आधीचं असेल तर ते आहे असंच धरा. मास्क, हातमोजे, जाड बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू नका. मुलांना नेऊ नका. दागिना शोधायला हाताने राख उपसू नका. विमा कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत काही टाकून देऊ नका. सडलेलं अन्न टाकावंच लागलं तर आधी फोटो काढा. छपराचं पाणी टाकीत साठवत असाल तर राख आणि अग्निरोधक धुऊन जाईपर्यंत ते पिऊ नका.

राज्य सरकार मोठ्या आपत्तीनंतर ढिगारा उचलण्याची योजना कधीकधी जाहीर करतं. ती येते का ते आधी बघा. घाईने खासगी ठेकेदाराला पैसे दिले तर ते परत मिळतीलच असं नाही.

मंडळांसाठी

महाराष्ट्र मंडळं अशा वेळी पहिल्यांदा जुने कपडे गोळा करतात. भावना खरी असते, पण निवारा केंद्रात कपड्यांचे ढीग लागतात आणि ते निवडायला थकलेली माणसं गुंततात. पैसे द्या. वस्तूच द्यायच्या असतील तर ‘गिव्हिट’सारख्या व्यासपीठावर काय मागितलंय ते बघून तेवढंच द्या. स्वयंपाक करून न्यायचा असेल तर आधी कौन्सिलला फोन करा. अन्नसुरक्षेचे नियम आहेत. जानेवारी २०२० मध्ये सिख व्हॉलंटियर्स ऑस्ट्रेलियाने पूर्व व्हिक्टोरियातल्या बेअर्न्सडेलला रोज गरम जेवण पुरवलं. ते शक्य झालं, कारण त्यांची फूड व्हॅन आणि सराव आधीपासून होता.

मंडळाला उन्हाळ्याआधी करता येण्यासारखी दोन कामं आहेत. सभासदांची यादी: कोणाकडे वृद्ध पाहुणे आहेत, कोणाकडे गाडी नाही, कोणाच्या घरी चार माणसं चार दिवस राहू शकतात. आणि ऑक्टोबरमध्ये स्थानिक सीएफए किंवा आरएफएसच्या ब्रिगेडला एका रविवारी बोलवणं. ते येतात, फुकट येतात, आणि मराठीत प्रश्न विचारणारे आजी-आजोबा समोर असतील तर दुभाषाची वेळ धरून थांबतातही.